चौदा सिनेमांचं जेवण

“पहिलं ताट ‘मोटेवरची मैना’चं,” वृषालीबाई म्हणाल्या आणि त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. “झुणका, भाकरी, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. सुरीनं कापायचा नाही हं. सिनेमात हिरो बुक्की मारतो.”

“दीडशे माणसांचा कांदा बुक्कीनं फोडायचा?”

“फोडल्यासारखा दिसला की झालं, मगदूम वहिनी.”

मी ‘कांदा, फोडलेला’ असं लिहून घेतलं. मे महिन्याची दुपार होती. पंखा गरम वारा खाली ढकलत होता आणि टेबलाखाली मी चपला काढून तळवे फरशीला टेकवले होते. त्या लग्नसराईत संध्याकाळपर्यंत पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा आत रुतून बसायचा. एकवीस वर्षं मी सांगलीत लोकांची कार्यं जेवू घातली, बारशापासून तेराव्यापर्यंत. ही सराई संपली की थांबायचं असं मनाशी ठरवलं होतं, पण अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायलासुद्धा अंगात जोर लागतो.

वृषालीबाई सुतार शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचे यजमान रघुवीर यांचा लाकडी फर्निचरचा कारखाना होता. सासूबाईंना, द्वारकाबाईंना, पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, त्याचा हा समारंभ. या द्वारकाबाई तरुणपणी कोल्हापुरात सिनेमात काम करायच्या.

“म्हणजे हिरॉइन नव्हत्या,” वृषालीबाई म्हणाल्या. “गर्दीत असायच्या. पण चौदा सिनेमे! आणि गंमत सांगू? चौदाच्या चौदा सिनेमांत आईंच्या हातात काही ना काही खायचं आहे. कुठं भाकरीची बुट्टी, कुठं फराळाचं ताट. म्हणून मला ही कल्पना सुचली. भिंतीवर त्या सिनेमाचा तुकडा दाखवायचा आणि लगेच तो पदार्थ पानात आला पाहिजे. चौदातले सात सिनेमे मी निवडलेत, जे सगळ्यांना माहीत आहेत.”

त्यांनी खरंच मन लावून काम केलं होतं. ‘सवतीचा सोमवार’ म्हणजे साबुदाण्याचे वडे, ‘फौजदाराची मेव्हणी’ म्हणजे कांदाभजी, ‘दरोडेखोराची दिवाळी’ म्हणजे करंज्या. प्रत्येक नावापुढं कुठल्या मिनिटाला तो प्रसंग येतो तेही लिहिलं होतं. मी होय-होय करत गेले. नको म्हणायचं, समजावायचं, दुसरं सुचवायचं, याचा मला त्या दिवसांत कंटाळा आला होता. होय म्हटलं की माणूस लवकर उठून जातो.

“आणि शेवटी ‘सोयऱ्यांची पंगत’. हा तर तुम्ही पाहिलाच असेल.”

पाहिला होता. आमच्या भागात तो कुणी पाहिला नव्हता? दर पाडव्याला टीव्हीवर ठरलेला. त्यातली लग्नाची पंगत सगळ्यांना पाठ होती. व्याह्यांची भांडणं चाललेली असतात, आणि बासुंदी वाढायला आल्यावर दोघंही एकदम गप्प होतात.

“ती बासुंदी वाढणारी बाई म्हणजे आमच्या आई,” वृषालीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. “चौदा सिनेमांत त्यांचा चेहरा सबंध दिसतो तो तिथंच. पाडव्याला आमच्याकडे सगळे जमतात. तो प्रसंग आला की हे टीव्हीचा आवाज मोठा करतात. आता तर सीडी आहे, त्यामुळं चित्र थांबवून बघतो. तर त्या दिवशी काय करायचं, आईंच्या चेहऱ्यावर चित्र थांबवायचं, आणि आमची ऋतुजा अगदी तशीच नऊवारी नेसून बासुंदीचं पातेलं घेऊन येणार आणि आजीच्या वाटीत वाढणार. आईंना यातलं काही माहीत नाही. तुम्ही बोलू नका कुठं.”

“नाही बोलत,” मी म्हटलं.

दोन दिवसांनी मला फोन आला. म्हातारा पण खणखणीत आवाज.

“मगदूमबाई का? मी द्वारका सुतार. सुनेची वही मी वाचली. तिनं उशीखाली ठेवली होती, मी चादर बदलत होते. उद्या दुपारी या. ती शाळेत परीक्षेचे पेपर तपासायला जाते.”

मी गेले. आमच्या धंद्यात घरातल्या वडीलधाऱ्याला एकदा भेटावंच लागतं, दात आहेत का, साखर आहे का, काय चालत नाही, हे सुनांना बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

द्वारकाबाई उंच होत्या. पाठ अजून ताठ होती. त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, कोकम सरबत दिलं, आणि माझ्या पायांकडे बघून एक पाट सरकवला. “वर ठेव पाय. लाजू नको.”

मी पाय पाटावर ठेवले. कुणी सांगितलं म्हणून पाय वर ठेवण्याची माझी कितीतरी वर्षांत पहिलीच वेळ असेल.

“सुनेनं कष्ट घेतलेत,” त्या म्हणाल्या. “चौदा सिनेमे शोधून काढले. मला स्वतःला अकराच आठवत होते.”

“तुमच्या हातात सगळीकडे ताट कसं काय, मावशी?”

त्या हसल्या. “मी उंच म्हणून. गर्दीत उंच बाई उभी केली की मागची माणसं झाकतात. मग हिला काहीतरी काम द्या, म्हणून ताट द्यायचे हातात आणि चालायला लावायचे. मालक माझे स्टुडिओत सुतार होते, सेट उभे करायचे. त्यांच्या ओळखीनं मला काम मिळालं. दिवसभर ताटं घेऊन फिरायचं आणि दुपारी पत्र्याच्या शेडखाली उसळ-पाव खायचा. ताटातल्याला हात लावायचा नाही. लावला की घरी पाठवायचे.”

बराच वेळ त्या बोलत राहिल्या. कुठल्या सिनेमातल्या करंज्या मातीच्या होत्या, कुठल्या हिरोला ठेचा खाऊन ठसका लागला आणि दिवस वाया गेला. मला बरं वाटत होतं. मग त्या एकदम थांबल्या.

“बाकी सगळं कर. बासुंदी तेवढी करू नको.”

“साखर आहे का तुम्हाला?”

“नाही. काही नाही.”

“मग?”

“नको म्हणते ना. दुसरं काही गोड कर.”

“म्हणजे तो सिनेमाच दाखवायचा नाही असं सांगू का त्यांना?”

“छे छे!” त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की मी सरबताचा पेला खाली ठेवला. “सिनेमा दाखवू दे. तो दाखवायचाच. पानात बासुंदी नको, एवढंच. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नको कुणाला.”

मला काही उमगलं नाही, पण मी मान हलवली. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी, असं म्हणून मी घरी आले.

वृषालीबाईंशी मी तीनदा बोलले असेन. पहिल्यांदा म्हटलं, उन्हाळा आहे, बासुंदी जपावी लागते, श्रीखंड करूया. त्या म्हणाल्या, सिनेमात श्रीखंड नाही. मग म्हटलं, शेवयांची खीर करते, दिसायला तशीच दिसते. त्यावर त्या जरा दुखावल्या. तिसऱ्या वेळी मी नुसतं म्हटलं की मला जमेलसं वाटत नाही.

“मगदूम वहिनी, तुम्ही थकलाय हे मला दिसतंय,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, खरंच काळजी होती. “तुम्हाला झेपत नसेल तर बासुंदी मी मिठाईवाल्याकडून आणते. बाकीचं तुम्ही करा. पण बासुंदी पाहिजेच. सगळा समारंभ मी तिच्यासाठी बांधलाय.”

मी म्हटलं, नको, करते मी. दुसरं काय म्हणणार?

समारंभ रविवारी दुपारी होता. शनिवारी चार वाजता मी आणि गोदाक्का दूध आटवत बसलो होतो. गोदाक्का माझ्याकडे पहिल्या वर्षापासून होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, पण झारा हातातून सोडायची नाही. आमचं स्वयंपाकघर म्हणजे घरामागची पत्र्याची मोठी खोली. तिथं दारात रिक्षा थांबली आणि द्वारकाबाई उतरल्या. एकट्या.

त्या आत आल्या आणि त्यांनी कढईत बघितलं. “म्हणजे करतेस तू.”

“माझं ऐकलं नाही त्यांनी, मावशी. मी करणार नसले तर विकत आणणार आहेत.”

त्या लाकडी स्टुलावर बसल्या. गोदाक्का दूध ढवळत होती, कडेची साय मोडून मध्ये घेत होती. द्वारकाबाई तिच्या हाताकडे बघत राहिल्या.

“जायफळ घालता का?” त्यांनी विचारलं.

“घालतो की. वेलदोडेबी,” गोदाक्का म्हणाली.

“त्यानं वास झाकतो,” द्वारकाबाई म्हणाल्या. आणि मग, कुणी काही विचारलं नसताना, त्या सांगायला लागल्या.

“रघूच्या आधी मला मुलगी होती. शकू. चार वर्षांची. घरी कुणी ठेवायला नव्हतं म्हणून मी तिला स्टुडिओत न्यायची. एका कोपऱ्यात बसून राहायची, गुणाची होती. त्या पंगतीचं शूटिंग तीन दिवस चाललं. मोठे दिवे, पंखे बंद, आवाज येतो म्हणून. बासुंदी पहिल्या दिवशी केली तीच तिन्ही दिवस. तिसऱ्या दिवशीसुद्धा ताटं पहिल्यासारखी दिसली पाहिजेत ना. वरून रोज थोडं ताजं दूध घालायचे. शकूनं पहिल्या दिवशीच बासुंदी मागितली. मी म्हटलं, हात लावायचा नाही, सगळं झालं की देईन. तीन दिवस ती गप्प बसली. तीन दिवस माझ्याकडे नुसती बघायची.”

गोदाक्काचा झारा थांबला.

“ढवळ गं, लागेल खाली,” द्वारकाबाई म्हणाल्या. गोदाक्का परत ढवळायला लागली.

“तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं उकिरड्यावर टाकणार होते. मी डबा भरून घेतला. वेलदोड्यांचा इतका चांगला वास होता. घरी नेऊन तिला दिली. सगळी तिनं खाल्ली. मी चाखूनसुद्धा बघितली नाही, तिला पुरावी म्हणून. पहाटे उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत गेली. डॉक्टरनी विचारलं, काय खाल्लं पोरीनं? मी म्हटलं, भात. मालकांनी विचारलं, मी म्हटलं, भातच. डॉक्टर म्हणाले, कॉलरा असेल, साथ होतीच तेव्हा. मालक जाईपर्यंत त्यांनाही तेच माहीत होतं. पुढं आम्ही कोल्हापूर सोडलं. मी परत ताट हातात घेतलं नाही.”

दूध रटरटत होतं. मी जाळ बारीक केला.

“मी बघू शकते ते,” त्या म्हणाल्या. “भिंतीवर, टीव्हीवर, शंभरदा बघू शकते. पण उद्या माझी नात, शकूच्याच वळणाची, ती माझ्या वाटीत बासुंदी वाढणार आणि दीडशे माणसं टाळ्या वाजवणार. ती मला गिळता यायची नाही गं. आणि नाही खाल्ली तर सगळे विचारतील, का.”

“घरी सांगून का टाकत नाही, मावशी?”

“सत्तेचाळीस वर्षं झाली. आता कुठल्या तोंडानं सांगू? तू काहीतरी कर. माझं नाव येऊ देऊ नको.”

त्या रिक्षात बसून गेल्या. रिक्षावाल्यानं तेवढा वेळ गाडी सावलीत लावून डुलकी काढली होती.

गोदाक्का म्हणाली, “आता वो वैनी?”

मी म्हटलं, “आटू दे आधी.”

रविवारी नऊ वाजता वृषालीबाई मंगल कार्यालयात आल्या, बासुंदी चाखली आणि डोळे मिटून ‘वा’ म्हणाल्या. त्या बाहेर गेल्यावर मी गोदाक्काला सांगितलं, “हे पातेलं टेम्पोत घाल. जवळच्या मुलींच्या वसतिगृहात नेऊन दे. ताजी आहे, पण आत्ता जेवणातच संपवा म्हणावं, ठेवू नका.”

“आन हितं काय सांगायचं?”

“नासली म्हणून सांगायचं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “वैनी, एकवीस वर्षांत आपल्या हातचा भातसुदिक लागला न्हाई. आपल्याच तोंडानं आपली बासुंदी नासली म्हनायचं? दीडशे मानसांत?”

“ऐन वेळी सांगितलं तर विकत आणायला वेळ राहणार नाही. दुसरा उपाय तुला सुचतोय का?”

तिला सुचला नाही. तिनं पातेल्याच्या झाकणावर फडकं बांधलं आणि एक शब्द न बोलता टेम्पोत जाऊन बसली. माझ्यावर रागावली की ती असंच करायची.

समारंभ झकास चालला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. कार्यालयाचे पडदे ओढून अंधार केला होता. भिंतीवर पांढरी चादर ताणली होती. रघुवीर लॅपटॉपपाशी बसून सिनेमाचे तुकडे लावत होते. ‘मोटेवरची मैना’मध्ये हिरॉइनच्या मागून डोक्यावर बुट्टी घेतलेली उंच बाई आली की माणसं ओरडायची, “आजी, आजी!” आणि त्याच वेळी माझे वाढपी भाकऱ्या घेऊन निघायचे. द्वारकाबाई मधल्या खुर्चीत हिरव्या साडीत बसल्या होत्या. हसत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून उभी होते. पायांत गोळे आले होते.

करंज्या वाढून झाल्या आणि ‘सोयऱ्यांची पंगत’ लागला. व्याही भांडायला लागले, कार्यालय हसायला लागलं. वृषालीबाई आत आल्या. मागं ऋतुजा, नऊवारी, नाकात नथ.

“द्या, वहिनी, पातेलं द्या. लवकर.”

“बासुंदी नासली,” मी म्हटलं.

“काय?”

“झाकण बंद राहिलं. उन्हानं नासली.”

“अहो, मी नऊ वाजता चाखलीय!”

“नंतर नासली.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग त्यांचा आवाज चढला. मी त्यांना दोष देत नाही. दोन महिने त्या बाई या एका क्षणासाठी राबल्या होत्या. तुम्हाला झेपत नव्हतं तर सांगायचं होतं, मी विचारलं होतं तुम्हाला, मिठाईवाल्याकडून आणते म्हटलं होतं. सगळं खरं होतं. मी खाली बघत उभी राहिले. रघुवीर सिनेमा थांबवून आत आले. बाहेर आवाज बंद झाल्यामुळं आमचं बोलणं सगळ्या कार्यालयाला ऐकू जात होतं.

“नासली म्हणतात,” बाहेर कुणीतरी म्हणालं.

“मग बाकीचं तरी धड आहे का? हे वडे सकाळचे की कालचे?”

मी दारातून बघितलं. माणसांनी हात थांबवले होते. एका बाईनं मुलाच्या हातातली करंजी काढून ताटाबाहेर ठेवली. दुसऱ्या कोणी ताट लांब सरकवलं. एकवीस वर्षांत मी असं कधी बघितलं नव्हतं. लोक माझ्या अन्नाकडे संशयानं बघत होते. गोदाक्का परत आली होती, ती पदर तोंडाला लावून मोरीपाशी उभी होती.

तेवढ्यात द्वारकाबाई दारात आल्या.

“जेवा सगळे,” त्या मागं वळून म्हणाल्या. “सगळं ताजं आहे. माझ्यासमोर केलंय.” मग आमच्याकडे वळून, “नासलेली नाही बासुंदी. मीच तिला करू नको म्हणाले होते.”

“आई?” रघुवीर म्हणाले.

“या बाईनं माझ्यासाठी स्वतःला बट्टा लावून घेतला. ते मला बघवायचं नाही. रघू, तुझी बहीण कशानं गेली असं सांगितलं होतं मी तुला?”

“शकूताई? कॉलऱ्यानं.”

“कॉलऱ्यानं नाही गेली.”

आणि त्यांनी सांगितलं. शनिवारी मला सांगितलं तेच, पण कमी शब्दांत. तीन दिवस, दिवे, डबा, वेलदोड्यांचा वास, भात. उभ्या उभ्या, दाराच्या चौकटीला धरून. ऋतुजा नथ काढून हातात घेऊन ऐकत होती. वृषालीबाई खाली पाट होता त्यावर बसल्या.

रघुवीर आईसमोर आले. धिप्पाड माणूस, दाढीत लाकडाचा भुसा कायम अडकलेला असायचा. ते म्हणाले, “आणि दर पाडव्याला आम्ही तुला तेच बघायला बसवत होतो. आवाज मोठा करून.”

“तू बसवतोस म्हणून नव्हते मी बसत,” द्वारकाबाई म्हणाल्या. “चल. लाव ते. दाखवते.”

त्या बाहेर गेल्या, आम्ही मागून गेलो. रघुवीरनी सिनेमा पुन्हा लावला, आवाज बंद करून. भिंतीवर व्याही मुक्यानं भांडत होते. पंगतीच्या टोकाकडून तरुण द्वारकाबाई बासुंदीचं पातेलं घेऊन वाकत वाकत आल्या. रघुवीरनी नेहमीच्या जागी, त्यांच्या चेहऱ्यावर चित्र थांबवलं.

“मागं घे. अजून थोडं. बस, इथं.”

त्या चादरीजवळ गेल्या. त्यांनी हात वर केला तेव्हा त्यांच्या हिरव्या बाहीवर सिनेमाचा काळा-पांढरा उजेड पडला. त्यांनी बोट ठेवलं ते स्वतःच्या चेहऱ्यावर नाही. वाढणाऱ्या बाईच्या कोपराखाली, पंगतीच्या अगदी कडेला, एक मुलगी मांडी घालून बसली होती. दोन वेण्या, परकर-पोलकं, हात मांडीवर घट्ट धरलेले. बाकीची सगळी माणसं व्याह्यांकडे बघत होती. ती मुलगी एकटी वर बघत होती, वाढणाऱ्या बाईच्या तोंडाकडे.

“मुलं कमी पडली म्हणून तिला बसवली होती,” द्वारकाबाई म्हणाल्या. “फोटो काढायची आमची ऐपत नव्हती. एवढाच आहे. तुम्ही माझ्या तोंडावर थांबवायचात, तोपर्यंत ती निघून गेलेली असायची. दोन सेकंद असते. वर्षातून दोन सेकंद.”

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. जेवणं झाली. थंड झाली होती, तरी लोक जेवले. गावात मात्र बरेच दिवस ‘मगदूमांची बासुंदी नासली’ एवढंच फिरत राहिलं, कारण मागच्या टेबलांना तेवढंच ऐकू गेलं होतं. दोन कार्यं माझ्या हातून गेली. ती सराई संपल्यावर मी काम बंद केलं ते आधी ठरवलेलंच होतं, पण लोकांना वाटलं त्यामुळंच केलं. मी कुणाला खुलासा केला नाही. गोदाक्का सगळ्यांना खुलासे करत हिंडली. आठवड्यानं वृषालीबाई आल्या, माझ्या स्वयंपाकघरात गुपचूप बसून राहिल्या, चहा घेतला आणि डोळे पुसून गेल्या. ऋतुजानं ते चित्र मोठं करून चौकटीत बसवलं. ठिपके ठिपके दिसतात, जवळून काही कळत नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं की मुलगी दिसते. द्वारकाबाई त्यानंतर चार वर्षं होत्या.

पण माझ्या डोळ्यांपुढं राहिलं आहे ते त्या दुपारचं कार्यालय. कुणी पडदे उघडत नव्हतं. रघुवीर लॅपटॉप सोडून चादरीकडे चालत गेले. अगदी जवळ गेल्यावर त्यांची सावली चित्रावर पडली आणि मुलगी झाकली गेली, तसे ते दचकून बाजूला झाले. मग बाजूनंच वाकून बघत राहिले. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, चार वर्षांच्या मुलीपुढं वाकलेला.

“माझ्यासारखी दिसते का गं?” त्यांनी विचारलं.

द्वारकाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“ती थोरली,” त्या म्हणाल्या. “तू तिच्यासारखा दिसतोस.”